नोकरी सुटते, दुखणे सुटत नाही

निवृत्तीचा दिवस जवळ आला की घराघरांत हिशेब सुरू होतात. ग्रॅच्युइटी किती मिळणार, भविष्य निर्वाह निधीतून हाती काय पडणार, घराचे कर्ज फिटल्यावर उरणार किती, गावाकडची पडवी दुरुस्त करायची की ती रक्कम बँकेत ठेवायची, असे कितीतरी प्रश्न असतात. वहीत रकाने आखले जातात, मुलांशी सल्लामसलत होते. या साऱ्या हिशेबात एक रकाना मात्र बहुधा कोराच राहतो. तो म्हणजे औषधपाण्याचा. नोकरीत असताना दवाखान्याचे कार्ड खिशात असते, गोळ्या मिळत असतात, त्यामुळे त्या गोळ्यांची किंमत किती हे माणसाला ठाऊकच नसते. ती कळते निवृत्तीनंतर, औषधाच्या दुकानात पहिले बिल हाती पडते तेव्हा.

गेली अनेक वर्षे मी औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या गावात दवाखाना चालवतो. माझ्याकडे येणाऱ्यांत कारखान्यातले कामगार, त्यांची कुटुंबे आणि निवृत्त मंडळी यांचा भरणा अधिक. म्हणून आज एखाद्या रोगाविषयी न लिहिता, रोग्याला उपचारापर्यंत नेणाऱ्या वाटेविषयी लिहितो. मालकाच्या आधाराने मिळणारे उपचार थांबतात तेव्हा सरकारी योजनांचा आधार कसा धरावा, हा आजचा विषय आहे.

खंड पडला की काय होते?

प्रथम वैद्यकीय बाजू पाहू. अठ्ठावन्न ते सत्तर हा काळ शरीराच्या दृष्टीने नाजूक असतो. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार, मोतीबिंदू, प्रोस्टेटची वाढ, गुडघ्यांची झीज या तक्रारी बहुधा याच वयात डोके वर काढतात किंवा बळावतात. म्हणजे उत्पन्न कमी होते नेमके तेव्हाच औषधांची गरज वाढते.

यातले बरेच विकार मुके असतात. रक्तदाब वाढला तरी पुष्कळांना काहीच जाणवत नाही. गोळी बंद केली तरी आठ-पंधरा दिवस माणूस ठणठणीत दिसतो आणि त्याला वाटते, गोळीवाचूनही चालते की! आत मात्र रक्तवाहिन्यांवरचा ताण वाढत असतो. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या काही गोळ्या अशा आहेत की त्या एकाएकी सोडल्या तर रक्तदाब उसळतो, छातीत दुखू लागते. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवण्याची गोळी मनाने थांबवली तर स्टेंटमध्येच गुठळी धरण्याचा धोका असतो. फिट्सच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर फिट्सची मालिका सुरू होऊ शकते. इन्सुलिनवर असलेल्याची स्थिती तर काही दिवसांतच बिघडते. म्हणून ‘पेन्शन सुरू झाली की बघू’ हे वाक्य औषधाच्या बाबतीत उच्चारू नये.

असा एक रुग्ण माझ्या कायमचा लक्षात आहे. लेथ मशीनवर तीस वर्षे काम केलेला कसबी माणूस. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही असूनही नोकरीत असताना उत्तम काबूत. निवृत्त झाल्यावर पाच-सहा महिने विमा दवाखान्यातून गोळ्या मिळत राहिल्या आणि एके दिवशी खिडकीवर सांगण्यात आले की तुमचे नाव आता यादीत नाही. कारण कोणी सांगितले नाही आणि पुढे काय करायचे तेही सांगितले नाही. तो मुकाट्याने घरी परतला. गोळ्या विकत घ्यायच्या तर महिन्याला हजाराच्या वर खर्च, आणि त्याची पेन्शन दोन हजारांच्या आत. चार महिने त्याने गोळ्या घेतल्या नाहीत. मग एका पहाटे उजवा हात-पाय लुळा पडला, वाचा गेली. त्याची बायको मला म्हणाली, “डॉक्टरसाहेब, कार्ड बंद झालं, म्हणून मामांनी गोळ्या बंद केल्या. आम्हाला वाटलं, नोकरी संपली की कार्ड संपतंच.” हे ऐकून मला जे वाईट वाटले ते रोगाहूनही अधिक होते. कारण ते कार्ड चालू ठेवण्याचा खर्च होता वर्षाला अवघा १२० रुपये.

कामगार विम्याचे कार्ड

आता हे १२० रुपयांचे प्रकरण नीट समजून घेऊ. कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे आपल्या बोलीत ‘ईएसआय’, ही १९४८ च्या कायद्याने स्थापन झाली आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे प्रत्यक्ष सुरू झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, पण महामंडळ आणि योजना त्याच आहेत. १ जानेवारी २०१७ पासून या योजनेची वेतनमर्यादा महिना २१,००० रुपये आणि अपंग कामगारांसाठी २५,००० रुपये करण्यात आली.

१ जुलै २०१९ पासून वर्गणीचा दर कामगाराकडून वेतनाच्या पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के असा आहे. म्हणजे १८,००० रुपये वेतन असलेल्या कामगाराचे महिन्याला १३५ रुपये कापले जातात आणि मालक त्यात ५८५ रुपयांची भर घालतो. या वर्गणीवर कामगाराला व त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला उपचार मिळतात.

पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट पुढे आहे. निदान पाच वर्षे विमाधारक राहिलेला कामगार नियत वयोमानानुसार निवृत्त झाला, किंवा त्याने स्वेच्छानिवृत्ती अथवा मुदतपूर्व निवृत्ती घेतली, तर त्याला आणि त्याच्या पत्नीला (कामगार स्त्री असेल तर तिच्या पतीला) पुढेही वैद्यकीय लाभ मिळू शकतात. त्यासाठी महिना १० रुपये, म्हणजे वर्षाचे १२० रुपये एकरकमी आगाऊ भरायचे. दर वर्षी पैसे भरून हा लाभ पुढे चालू ठेवायचा. नोकरीत असताना महिन्याला १३५ रुपये देणाऱ्याला निवृत्तीनंतर १० रुपयांत दवाखाना मिळतो, याहून स्वस्त सौदा मला तरी ठाऊक नाही.

यात तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, हा लाभ फक्त पती-पत्नीपुरता असतो. नोकरीत असताना आई-वडील आणि मुले कार्डावर असत, ती आता नसतात. तेव्हा घरातल्या वृद्ध माता-पित्यांची सोय निराळी करावी लागते. दोन, हे लाभ उपचारांचे आहेत. आजारपणाच्या रजेचे पैसे वगैरे रोख लाभ नोकरीबरोबरच संपतात. तीन, हे आपोआप होत नाही. कारखाना करत नाही, दवाखानाही करत नाही. विमा महामंडळाच्या शाखा कार्यालयात आपणच अर्ज करावा लागतो. निवृत्तीचा दाखला, विमा क्रमांक, पाच वर्षे विमाधारक असल्याचा पुरावा, आधार कार्ड, पती-पत्नींची छायाचित्रे आणि बँक पासबुक एवढे कागद जवळ ठेवावेत.

फसवे महिने

वर सांगितलेल्या रुग्णाला निवृत्तीनंतरही काही महिने गोळ्या मिळत राहिल्या, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. ते कसे? या योजनेत वर्षाचे दोन वर्गणी-काळ असतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. त्यांना जोडलेले दोन लाभ-काळ असतात. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढील जानेवारी ते जूनमध्ये आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा लाभ जुलै ते डिसेंबरमध्ये. त्यामुळे पगारातली कपात थांबली तरी जुन्या वर्गणीच्या पुण्याईवर काही काळ कार्ड चालते. माणसाचा समज होतो की आपले सारे सुरळीत आहे. आणि एके दिवशी, बहुधा जानेवारीत किंवा जुलैत, खिडकी बंद होते. म्हणून कार्ड चालू आहे यावर विसंबून न राहता, निवृत्तीच्या पहिल्याच महिन्यात शाखा कार्यालय गाठावे.

कंत्राटी कामगारांना याहून अधिक सावध राहावे लागते. कंत्राटदार बदलला की नवा विमा क्रमांक काढण्याचा प्रकार पुष्कळ ठिकाणी झालेला आहे. वास्तविक कामगाराचा विमा क्रमांक आयुष्यभर एकच असायला हवा. एकाच माणसाचे दोन-तीन क्रमांक असले की पाच वर्षांचा हिशेब जुळत नाही आणि बारा-बारा वर्षे राबलेला माणूस कागदोपत्री तीन वर्षांचा ठरतो. तेव्हा नोकरीत असतानाच आपला क्रमांक एकच आहे ना, नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते ना, हे तपासून घ्यावे. दुसरे असे की कंत्राटी कामगाराला ‘उद्यापासून येऊ नको’ एवढेच तोंडी सांगितले जाते. त्याच्या हाती निवृत्तीचा कागद नसतो. वय झाल्यामुळे काम सुटले आहे, असे पत्र कंत्राटदाराकडून किंवा कारखान्याकडून मागून घ्यावे. ते मागायला लाजण्याचे कारण नाही. हाच कागद पुढे दवाखान्याचे दार उघडतो.

निवृत्तीपूर्वी पगार वेतनमर्यादेपलीकडे गेल्यामुळे जे योजनेबाहेर पडले, त्यांची मोठी गैरसोय होत होती. पंचवीस वर्षे वर्गणी भरली आणि शेवटच्या दोन वर्षांत पगार वाढला म्हणून कार्ड गेले, अशी त्यांची तक्रार असे. अशांसाठी २०२४ मध्ये महामंडळाने नियम शिथिल करण्याचा निर्णय घेतला. निवृत्तीच्या वेळी वेतन ३०,००० रुपयांपर्यंत असलेल्यांचा त्यात विचार केलेला आहे. या गटातल्यांनी ‘आपले नाव केव्हाच गेले’ असे मानून घरी बसू नये. शाखा कार्यालयात जाऊन चौकशी करावी.

कंपनीच्या मेडिक्लेमचे काय?

ज्यांचे वेतन जास्त, त्यांना पुष्कळ कंपन्या गट आरोग्य विमा देतात. हा विमा नोकरीच्या अखेरच्या दिवशी संपतो, असे धरून चालावे. मात्र विमा नियामक प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची मुभा असते आणि गट विम्यात काढलेली वर्षे नव्या पॉलिसीच्या प्रतीक्षाकाळातून वजा होतात. हा प्रतीक्षाकाळ म्हणजे काय? पॉलिसी घेताना जो आजार आधीपासून आहे, त्याचा खर्च काही काळ विमा कंपनी देत नाही. २०२४ मध्ये या काळाची कमाल मर्यादा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली गेली. साठीच्या माणसाला ही तीन वर्षेसुद्धा फार जड जातात. म्हणून गट विमा चालू असतानाच, निवृत्तीच्या दोन महिने आधी, कंपनीच्या कार्मिक विभागाकडे लेखी अर्ज करावा. विमा संपल्यावर अर्ज केला तर साखळी तुटते.

विम्याचा अर्ज भरताना आजार लपवू नयेत. ‘डॉक्टर, मधुमेह आहे असे लिहू नका’ अशी गळ मला वारंवार घातली जाते. लपवलेला मधुमेह पहिल्याच रक्ततपासणीत उघड होतो आणि मग दावा नाकारला जातो. हप्ते गेले ते गेलेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर रद्द झाला आहे, एवढा थोडा दिलासा आहे. तरीही वयाबरोबर हप्ता चढत जातो, तो पुढील दहा वर्षे झेपेल काय, याचा विचार आधीच करावा.

रेशन कार्डाची ताकद

आता सर्वांना लागू असलेली योजना. २०१२ मध्ये राज्यातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढे ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. पूर्वी ही पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांपुरतीच होती. २०२३ मध्ये शासनाने ती सर्व शिधापत्रिकाधारकांना आणि राज्याच्या अधिवासी कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय घेतला आणि विम्याची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत नेली. म्हणजे पांढऱ्या कार्डावाल्यांनाही आता हे दार उघडे आहे.

या योजनेत रुग्णालयात दाखल होऊन करायचे ठरावीक उपचार व शस्त्रक्रिया येतात. त्यात हृदयाचे, कर्करोगाचे, मूत्रपिंडाचे, हाडांचे असे अनेक उपचार आहेत. सर्व खाजगी रुग्णालये यात नसतात आणि जी असतात तीही सर्वच आजारांसाठी नसतात. काही उपचार तर केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. म्हणून नुसते ‘योजना आहे का?’ असे विचारू नये. ‘या आजारासाठी या रुग्णालयात योजना आहे का?’ असे विचारावे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नेमलेला असतो. दाखल होण्यापूर्वी त्याला गाठावे. शिधापत्रिका किंवा अधिवास दाखला आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे. मंजुरी मिळाल्यावर योजनेतल्या उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कोणी मागितले तर पावती मागावी आणि १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करावी.

एक व्यावहारिक अडचण सांगतो. पुष्कळ घरांत शिधापत्रिकेवर आजोबांचे नाव गावाकडे असते आणि ते राहतात मुलाकडे शहरात. नावाचे स्पेलिंग आधारवर एक आणि शिधापत्रिकेवर दुसरे. ऐन आजारपणात ही दुरुस्ती होत नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. निवृत्तीनंतर सवड असतेच. त्या सवडीत हे काम उरकून घ्यावे.

सत्तरी गाठल्यावर

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली ती गरीब कुटुंबांसाठी. २९ ऑक्टोबर २०२४ पासून तीत सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या सर्व नागरिकांचा समावेश झाला. येथे उत्पन्नाची अट नाही. श्रीमंत, गरीब, बंगलेवाला, भाडेकरू, सर्वांना ‘आयुष्मान वय वंदना कार्ड’ मिळते. वय आधार कार्डावरून धरले जाते. वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार त्यात येतात. आधीचे आजारही पहिल्या दिवसापासून धरले जातात, प्रतीक्षाकाळ नाही. दाखल होण्यापूर्वीच्या तीन दिवसांचा आणि घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांपर्यंतच्या औषधांचा खर्चही त्यात आहे.

मात्र घरात सत्तरीपुढचे दोघे असतील तर पाच लाखांची रक्कम दोघांत मिळून असते. पती बाहत्तर वर्षांचा आणि पत्नी पासष्टची असेल, तर पत्नी पतीच्या या कार्डावर येत नाही. ज्यांच्याकडे खाजगी विमा किंवा कामगार विमा आहे त्यांनाही हे कार्ड घेता येते. केंद्र सरकारी आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना असलेल्यांना मात्र दोहोंपैकी एक निवडावी लागते. माझ्या मते त्यांनी घाई करू नये, कारण त्यांच्या मूळ योजनेत रोजची औषधेही मिळतात, वय वंदना कार्डात ती नाहीत. कार्ड काढण्यासाठी योजनेतल्या रुग्णालयात किंवा नागरी सुविधा केंद्रात आधार कार्ड व आधारला जोडलेला मोबाईल घेऊन जावे. माहितीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

येथे वाचकांनी एक हिशेब करावा. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाला सत्तरीपर्यंत बारा वर्षे काढायची असतात. खरी पोकळी याच बारा वर्षांची. ती भरून काढायला कामगारासाठी १२० रुपयांचे विमा कार्ड आणि सर्वांसाठी शिधापत्रिकेवरची योजना, हे दोन खांब आहेत. पहिला खांब रोजच्या गोळ्यांचा, दुसरा मोठ्या दुखण्याचा.

रोजच्या गोळ्यांचा प्रश्न

ही गोष्ट पुन्हा ठसवतो, कारण घोटाळा इथेच होतो. पाच लाखांचे कार्ड हाती आले की माणसाला वाटते, आता औषधाची चिंता मिटली. पण ते कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावरच उपयोगी पडते. रक्तदाबाची रोजची गोळी त्यावर मिळत नाही. आणि ती गोळी चुकली तर एक दिवस ते कार्ड वापरण्याची पाळी येते!

ज्यांच्याकडे विमा दवाखाना नाही त्यांनी रोजच्या गोळ्यांसाठी सरकारी रुग्णालयाचा रस्ता धरावा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासण्या व उपचार नि:शुल्क आहेत. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांसाठी असंसर्गजन्य रोगांचा कक्ष असतो. तेथे नोंद करून महिन्याच्या गोळ्या घ्याव्यात. एखादी गोळी उपलब्ध नसेल तर जन औषधी केंद्रात त्याच औषधाची स्वस्त गोळी मिळते. औषधाचे मूळ नाव डॉक्टरांकडून स्पष्ट अक्षरांत लिहून घ्यावे, म्हणजे कंपनी बदलली तरी गोंधळ होत नाही.

निवृत्तीपूर्वीच्या तपासण्या

कार्ड चालू आहे तोवर शरीराची झडती घेऊन ठेवावी. रक्तदाब, उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, लघवीतील प्रथिने, हृदयाचा आलेख आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्यावी. मोतीबिंदू असेल तर त्याची शस्त्रक्रिया जिल्हा रुग्णालयांत व शिबिरांत मोफत होते, ती लांबवू नये. स्त्रियांनी स्तनांची व गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी.

ज्यांनी प्रेस शॉपमध्ये, लूमवर किंवा जनरेटरजवळ वर्षानुवर्षे काम केले त्यांनी कानांची तपासणी अवश्य करावी. फाउंड्रीत किंवा दगडाच्या खडीत काम केलेल्यांनी छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसांची क्षमता पाहून घ्यावी. आवाजामुळे आलेले बहिरेपण आणि धुळीमुळे होणारा सिलिकोसिस हे व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहेत. ते नोकरीत असतानाच नोंदले गेले तर भरपाईचा मार्ग सोपा होतो. निवृत्तीनंतर ‘हे वयामुळे आहे’ असे म्हणून फाईल बाजूला पडते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

“मुलाच्या नोकरीत आम्हाला विमा आहे, मग हे सारे कशाला?” मुलाची नोकरी बदलू शकते, कंपनी धोरण बदलू शकते. आपल्या नावावरचा आधार आपल्याकडे असावा.

“कामगार विम्याचा दवाखाना दूर आहे, तरी १२० रुपये भरावेत का?” भरावेत. महिन्यातून एकदा एस.टी.ने जाऊन गोळ्या आणल्या तरी परवडते. जवळ विमा योजनेचा पॅनेल डॉक्टर आहे का, हेही शाखा कार्यालयात विचारावे.

“एक वर्ष पैसे भरायचे राहिले तर?” शाखा कार्यालयात तातडीने जाऊन पुन्हा अर्ज करावा. विसर पडू नये म्हणून भरण्याची तारीख कालनिर्णयवर लाल शाईने लिहून ठेवावी, गॅसच्या सिलिंडरची तारीख लिहितो तशी.

“रात्री-अपरात्री झटका आला तर आधी आरोग्यमित्र शोधायचा का?” मुळीच नाही. आधी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णाला जवळच्या योग्य रुग्णालयात न्यावे. कागदपत्रे मागाहून देता येतात. छातीत दुखणे किंवा अर्धांगाचा झटका यात तासातासाला किंमत असते.

कोणते काम केव्हा?

लक्षात राहावे म्हणून क्रम देतो. कात्रण कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले तरी हरकत नाही.

निवृत्तीच्या सहा महिने आधी: विमा क्रमांक, जन्मतारीख, आधार व शिधापत्रिकेवरील नावे तपासणे. सर्व वैद्यकीय तपासण्या.

दोन महिने आधी: गट मेडिक्लेम असल्यास वैयक्तिक पॉलिसीसाठी लेखी अर्ज.

शेवटच्या आठवड्यात: निवृत्तीचा दाखला हाती घेणे. दवाखान्यातील आपल्या आजारांच्या कागदांच्या प्रती आणि चालू औषधांची यादी घेणे.

पहिल्या महिन्यात: कामगार विम्याच्या शाखा कार्यालयात अर्ज व १२० रुपये. जवळच्या सरकारी रुग्णालयात नोंद.

दर वर्षी: १२० रुपयांचा भरणा, रक्त-लघवी व डोळ्यांची तपासणी.

सत्तर पूर्ण होताच: वय वंदना कार्ड.

ही सारी कामे घरातल्या एकट्या कर्त्या पुरुषाने करून कपाटात कुलूपबंद ठेवू नयेत. कार्डे कोठे आहेत, कोणत्या रुग्णालयात जायचे, कोणती गोळी कोणत्या वेळी, हे पत्नीला ठाऊक असले पाहिजे. झटका आलेल्या माणसाला बोलता येत नाही, तेव्हा बोलावे लागते ते घरच्यांना. गावातली कामगार संघटना, ज्येष्ठ नागरिक संघ यांनीही महिन्यातून एक दिवस या अर्जांसाठी ठेवला तर किती तरी जणांचा हेलपाटा वाचेल. शिकलेल्या निवृत्त शिक्षकांनी, बँकेतल्या मंडळींनी त्यात हातभार लावावा.

निवृत्तीच्या समारंभात शाल आणि श्रीफळ देतात, ते द्यावेच. सोबत शाखा कार्यालयाच्या अर्जाचा एक कागद दिला तर मी म्हणेन, सत्कार पुरा झाला. आपल्या घरात, शेजारात या वर्षी कोण निवृत्त होत आहे ते आठवा आणि हे पान त्यांच्या हाती द्या.

पुढील आठवड्यात: पावसाळ्यातील पोटाचे विकार आणि घरचे पाणी.